आखाजी नसलेला मुलुख

माणसाला बांधून कसं ठेवावं, या विषयावर आमच्या नंदोयांनी जितका विचार केला आहे तितका तापीच्या दोन्ही काठांवर कुणी केला नसेल. आणि त्यांच्याकडून जितकी माणसं निघून गेली तितकीही कुणाकडून गेली नसतील. नंदोई म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान. रावेरकडच्या एका गावात त्यांची केळीची बागायत आहे. गाव त्यांना नाना म्हणतं. मीही नानाच म्हणते, कारण ते आमच्या घरचे जावई; त्यांना दुसरं जे काही म्हणावंसं मला लग्न झाल्यापासून वाटत आलंय, ते म्हणायची सोय नाही. मी जळगावात रक्त-लघवी तपासायची लॅब चालवते. दिवसभर लोकांच्या दंडात सुया खुपसणाऱ्या बाईकडून कुणी हळवेपणाची अपेक्षा करत नाही, आणि नानांनीही कधी केली नाही. ते माझ्याकडे येतात ते साखर तपासायला, तेही फुकट. उपाशीपोटी या, असं मी दर वेळी बजावते. दर वेळी ते खुर्चीत बसतात, बाही सरसावतात आणि "काही खाल्लं नाही ना?" म्हटलं की छातीवर हात ठेवून सांगतात, "पान्याचा थेंब नई, वहिनी." मग सुई आत गेल्यावर हळूच कळतं, की निघताना बागेतली दोन केळी तेवढी खाल्लीत. मी ओरडले की दुखावल्यासारखे बघतात. "केयी म्हंजे काय खानं असते का?" ज्या माणसाच्या डोळ्यांसमोर बारा महिने केळीच केळी असतात, त्याला ती खाण्याची वस्तू वाटत नसावी. साखर अर्थातच चढलेली निघते, आणि दोष माझ्या मशीनला जातो.

नानांच्या लेखी जगात दोनच जातीचे लोक आहेत, मालक आणि सालदार. सालदार म्हणजे सालभरासाठी ठेवलेला गडी. आखाजीला, म्हणजे बाकीचा महाराष्ट्र जिला अक्षय्य तृतीया म्हणतो त्या दिवशी, त्याचं साल सुरू होतं आणि पुढच्या आखाजीला संपतं. मध्येच त्यानं सोडायचं नाही, मध्येच दुसऱ्यानं त्याला फोडायचं नाही. पण आखाजीला तो मोकळा. वाटलं तर राहील, नाही तर पायात चप्पल सरकवून शेजारच्या बांधावर जाईल, आणि जुन्या मालकानं तोंड वाकडं करायचं नाही. आमच्याकडचा हा कायदा कुठे लिहिलेला नाही, बहुधा म्हणूनच पाळला जातो. नानांनी मात्र तो सगळ्या सृष्टीला लावला. नवा माणूस भेटला की काय करता, असं ते विचारत नाहीत, विचारतात, "कोनाकडे हायेस?" बँकेचा मॅनेजर बँकेचा सालदार, एसटीचा कंडक्टर महामंडळाचा, आणि कलेक्टर सरकारचा. "त्याची तं आखाजी कवाबी येते," हे कलेक्टरबद्दलचं त्यांचं मत. बदल्यांचं इतकं सोपं विवेचन मी दुसरीकडे ऐकलेलं नाही. मी लॅब काढली तेव्हा मलाही विचारलं होतं, "वहिनी, तुम्ही कोनाकडे?" म्हटलं, मी माझ्याकडेच. त्यावर म्हणाले, "मंग सुट्टी कोनाले मागता?" 

गडी पारखायची त्यांची रीत तर अशी, की मुलगी बघायला जाणाऱ्यांनीही लाजावं. ते आधी त्याला जेवायला बसवत. वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी, ठेचा, आणि समोर नाना, टक लावून. जो सावकाश जेवतो तो काम सावकाश करतो, हा सिद्धांत. एका वर्षी एकानं तीन भाकरी अशा संपवल्या की नानांचे डोळे पाणावले. जागच्या जागी त्याला ठेवला. त्या माणसानं वर्षभर तितक्याच वेगानं जेवून उरलेला वेळ केळीच्या सावलीत झोपून काढला. माझी नणंद म्हणाली, "जेवन्याची परीक्षा घेतली, जेवन्यात पास झाला. आता काय म्हननं हाये तुमचं?"  पुढच्या वर्षी सिद्धांत तोच, फक्त भाकरी दोनच वाढायच्या, एवढी सुधारणा झाली.

मळ्यातल्या कडुनिंबाला त्यांनी एक पत्र्याचा डबा टांगला होता. सकाळी गड्यानं आपला मोबाईल त्यात टाकायचा, संध्याकाळी घ्यायचा. डब्यात फोन वाजला की पत्र्यामुळे तो पारोळ्यापर्यंत ऐकू जावा असा वाजे, आणि मग नाना स्वतः जाऊन उचलत. "कोन? त्याची बायको? तो कामावर हाये. काय, पोराले ताप आला? बरं, संध्याकायी सांगतो." आणि संध्याकाळी सांगायचं विसरत. असल्या मालकाकडे कोण राहील? कुणीच राहत नसे. आखाजी आठवड्यावर आली, की नानांचा आवाज एकदम उतरे. गड्यासाठी "अरे ए"चा "भाऊ" होई, त्याच्या ताटात आंबा येई, त्याच्या पोरांना टरबूज जाई. गावात म्हणच पडली होती, की पंचांग कशाला, नानांच्या जिभेला गूळ लागला की आखाजी आली. आणि आखाजीच्या संध्याकाळी, सांजोऱ्या खाऊन, आमरस पिऊन, गडी शांतपणे उभा राही. गेल्या साली शिरपूरकडचा एक भला माणूस होता, तो तर अगदी अदबीनं म्हणाला होता, "नाना, बठ्ठं चांगलं शे. पन मी जास." बठ्ठं चांगलं, म्हणजे सगळं छान आहे, पण मी निघालो. तिथून तो गेला तो थेट शेजारच्या मळ्यात. नाना पंधरा दिवस त्या बांधाकडे पाठ करून जेवले.

अशा माणसाची एकुलती एक मुलगी, माझी भाची, परदेशात नोकरीला गेली. पोर नर्सिंग शिकलेली, हाताला हलकी, डोक्यानं पक्की. शिकत असताना माझ्याकडेच राहायची. इंग्लंडमधल्या एका वृद्धाश्रमात तिला काम मिळालं आणि व्हिसा आला. आता मुलगी इतक्या लांब जाते म्हटल्यावर बापाला काही वाटावं. नानांना वाटलं, पण भलतंच. एजंटानं त्यांना समजावलं होतं, की हा व्हिसा त्याच कंपनीच्या नावावर आहे, मुलीला तिथेच काम करावं लागेल, स्वतःच्या मनानं दुसरीकडे जाता येणार नाही. दुसरा बाप हे ऐकून दचकला असता. नाना भारावून गेले. लॅबमध्ये पेशंटांच्या रांगेत उभे राहून मला सांगू लागले, "वहिनी, याले म्हनतात मालक! कागदच असा केला की मानूस हालूच शकत नई. आपल्या सरकारले हे सुचत नई का? सालदाराले असा एक व्हिसा लावून द्या, बागायतदार तरून जाईल." मी विचारलं, "आणि सालदाराचं काय, नाना?" म्हणाले, "त्याचं काय? त्याले काम हाये ना." किती वर्षांसाठी बांधलंय, असं मला विचारलं. म्हटलं, तीन. तर त्यांनी अशी मान डोलावली जशी एखादा गवई दुसऱ्याच्या तानेला डोलावतो. "तीन सालाचा सालदार! आपल्याले एका सालाचा टिकत नई!"

गावच्या पारावर त्यांनी हे व्याख्यान इतक्यांदा दिलं, की शिरपूरवाल्याच्या जागी आलेला नवा गडीसुद्धा घाबरून मला लॅबमध्ये विचारून गेला, की असा कायदा खरंच येतोय का. त्याला समजावून लावून दिलं आणि मनात म्हटलं, हा माणूस एक दिवस तोंडावर पडणार आहे. पडला. पण त्या पडण्यात माझी भाची खाली सापडली, म्हणून हसता आलं नाही.

झालं असं की पोरीचं काम बिघडत गेलं. नेलं होतं म्हाताऱ्यांची सेवा करायला; मग स्वयंपाकघर आलं, मग धुणं आलं, मग त्याच मालकाच्या दुसऱ्या गावातल्या आश्रमात गाडीत घालून नेऊ लागले. नाही म्हटलं की पुढच्या आठवड्यात कामाचे तास कापायचे, म्हणजे पगार आपोआप आपटतो. तिनं मला फोन केला, "मामी, बाबांना सांगू नको." तिच्याच गावात दुसरा एक आश्रम होता, तिथल्या मोठ्या बाईंना ती हवी होती. पण परदेशातून आलेल्याला कामावर ठेवायचा परवाना त्यांच्याकडे नव्हता, आणि तो नसला तर ते घेऊ शकत नाहीत, ही जाऊ शकत नाही. नोकरी सोडली तर दोनेक महिन्यांत परवानावाला दुसरा मालक शोधायचा, नाही तर देश सोडायचा. मी रक्ताचे रिपोर्ट वाचणारी बाई, मला हे एका दमात समजलं. आजार साधा होता; औषध, म्हणजे तो परवाना, मालकांच्याच कपाटात होतं.

मी सांगितलं नाही, पण आईला मुलीचा आवाज कळतो. माझ्या नणंदेनं तिच्याकडून सगळं काढून घेतलं आणि जेवताना नवऱ्याच्या ताटात वाढलं. नाना आधी मालकाच्याच बाजूनं बोलले. मालक म्हटला की दोन कामं जास्तीची सांगणारच. मग म्हणाले, "आखाजीपर्यंत निभाव म्हना. आखाजीले मोकयी होईल." हे ते अगदी मनापासून म्हणत होते. तीन वर्षांचा कागद त्यांना पाठ होता, पण जगात कुठेतरी आखाजी नसेल, हे त्यांच्या डोक्यात शिरतच नव्हतं. माणूस बांधलेला असतो, ठीक. पण आखाजी असतेच. आकाश असतं तशी.

नणंद गप्प राहणारी नव्हती. "तठीबी निंबाले डबा टांगेल असंन," म्हणाली, "तिचा फोन बी दिवसभर कपाटात ठेवून घेतात. पोरीले ताप आला तं कोन सांगतं तुमाले संध्याकायी?" नाना उठून मळ्यात गेले. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे जळगावला हजर. आमच्याकडे गड्याचं बिनसलं की दोन जाणती माणसं मध्ये घालून जुना मालक आणि नवा मालक समोरासमोर बसतात, चहा होतो, आणि आखाजीला सोडायचं ठरतं. नानांनी ठरवलं, की आपण हेच करायचं. इंग्लंडच्या मालकाशी बोलायचं. बोलणारी मी, जाणती माणसं म्हणून एक सरपंचाचा भाऊ आणि एक निवृत्त तलाठी. मी सांगून पाहिलं, की असं नसतं. "मानसामानसात सगयीकडे असंच असतं," म्हणाले. भाचीला फोन केला, ती इतकी थकलेली होती की म्हणाली, "होऊन जाऊ दे मामी, एकदा. आमच्या मॅनेजरबाई तशा भल्या आहेत, बोलतील."

मग एका दुपारी, माझं कामाचं टेबल पुसून, फोन टेस्टट्यूबच्या स्टँडला टेकवून, आम्ही बसलो. नाना स्वच्छ धोतर, टोपी. दोन्ही जाणते त्यांच्या मागे रक्तदात्यांच्या फोटोसारखे ताठ. पडद्यावर भाची आणि तिच्या शेजारी एक पन्नाशीची गोरी बाई, डोळ्यांखाली काळं, हातात चहाचा मग. नानांनी हात जोडले. बाईनंही गोंधळून जोडले, आणि मगातला चहा सांडला.

"इचारा, मालकीनबाई बऱ्या हायेत का?"

मी विचारलं. बाई म्हणाल्या, मी मालकीण नाही, मीही इथे नोकरीच करते.

"म्हंजे हेबी सालदारच!" नाना जाणत्यांकडे वळून म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात एकदम आपुलकी आली. "त्याईले सांगा, पोर चांगली हाये, पन तिचा जीव लागत नई. साल भरू द्या, आखाजीले सोडा. भांडन नई, काई नई. दुसरा मालक त्याच गावातला हाये."

आखाजीचं मी इंग्रजी काय केलं ते मलाच ठाऊक. बाईंनी सगळं नीट ऐकलं. मग म्हणाल्या, आम्ही तिला धरलेलं नाही. ती आज सोडू शकते, उद्या सोडू शकते.

हे मी सांगितल्यावर नानांनी मांडीवर थाप मारली. "पाहा! मी म्हनत होतो ना!" निवृत्त तलाठ्यानं चहा सांगायला मान वर केली. आणि मग मला उरलेलं वाक्य सांगावं लागलं, की सोडली तर मात्र तिला देशाबाहेर जावं लागेल, त्यावर त्या बाईंचा इलाज नाही. त्या गावातला दुसरा मालक तिला ठेवू शकत नाही.

नाना थांबले. "गाव सोडा लागंल?"

"देश, नाना."

"पन का बरं? तिनं काय केलं?"

"काही नाही केलं. नोकरी सोडली की राहायचा हक्कच संपतो."

नानांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांच्या चेहऱ्यावर मी आजवर आढ्यता पाहिली होती, आडमुठेपणा पाहिला होता, केळी खाल्ल्याची चोरीही पाहिली होती. हे नवं होतं. म्हणाले, "माहा गडी मले सोडून गेला, तो बांधावरून पलीकडे गेला. मी त्याले गावातून काढून नई देल्लं. मले तं हक्कच नई." मग अगदी हळू, मला नव्हे, त्या बाईलाच मराठीत विचारलं, "तुमच्याकडे आखाजी नसती का हो?" बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी भाषांतर केलं नाही. भाची पडद्यात खाली बघत होती.

चहा आला, तो पिऊन जाणते एसटी पकडायला उठले.

यंदाच्या आखाजीला माझी नणंद माहेरी आली नाही. आमच्याकडे लेकी आखाजीला माहेरी येतात, झोके बांधतात, खेळतात; माझी लेक माझ्याकडे येत नाही तर मी कुठल्या तोंडानं जाऊ, म्हणाली. भाचीला रजा मिळाली नव्हती. तेव्हा आम्हीच नणंदेकडे गेलो. जाताना मी मनात नानांचा गुळाचा आवाज धरून बसले होते, पण त्या आठवड्यात त्यांनी गड्याला ना आंबा दिला ना टरबूज. गडी बिचारा त्यामुळेच घाबरलेला. संध्याकाळी तो उभा राहिला, तर त्याच्या आधी नानाच बोलले, "जातो ना?" त्यानं मान हलवली. "जाय. कोनाकडे?" पलीकडच्या गावातला मालक होता. नानांनी मोटारसायकल काढली, त्याचं गाठोडं पुढे घेतलं आणि त्याला मागे बसवून स्वतः पोचवायला गेले. माझी नणंद दारात उभी राहून म्हणाली, "आता हे काय नवीन?" मलाही तेच वाटलं. पन्नास वर्षांचा खडूसपणा एका दिवसात जात नसतो, आणि गेलाही नव्हता. परत आल्यावर रस्त्यातले खड्डे, नव्या मालकाचा पडका गोठा आणि गड्याच्या चपलांचा वास, यांवर ते तासभर बोलले. पण कडुनिंबाखाली बसून बोलले, आणि मी वर बघितलं तेव्हा तिथला पत्र्याचा डबा काढलेला होता. त्याच फांदीला झोका बांधला होता. दोर नवा, पाट धुतलेला. त्यावर बसायला पोर घरात नव्हती.

तेवढ्यात तिचा फोन आला. नानांनी घेतला, आणि आयुष्यात कुणाही गड्याला जे म्हटलं नाही ते तिला म्हणाले, "सोडून दे. निघून ये. आठी तुले कोनी बांधून ठेवत नई."

पलीकडून पोरीचा आवाज स्पष्ट ऐकू आला. "नाही बाबा. त्यांनी देशाबाहेर काढलं म्हणून मी येणार नाही. परवानावाला दुसरा मालक शोधतेय, दोन ठिकाणी बोलणं चाललंय. मिळाला की बदलेन. घरी मला यायचं असेल तेव्हा येईन."

"कवा?"

"ते मी ठरवणार, बाबा."

नानांनी फोन माझ्या हातात दिला. रागावतील असं वाटलं होतं. "गड्यासारखी बोलते," एवढंच म्हणाले, आणि मला कळेना, की ही तक्रार होती की कौतुक.

परवा ते लॅबमध्ये आले होते. भाचीची दोन बोलणी फिसकटली, तिसरं चालू आहे. आखाजीनंतर ठेवलेला नवा गडी अजून आहे का, विचारलं; हाये, म्हणाले, फोन खिशातच ठेवतो, काम कमी करतो, हरामखोर हाये. मी त्यांची बाही वर केली, दंडाला पट्टा बांधला आणि सवयीनं विचारलं, "काही खाल्लं नाही ना?"

"पान्याचा थेंब नई."

सुई आत गेली. मग खिडकीकडे बघत म्हणाले, "झोका सोडला नई अजून. तुमची ननंद म्हने, आखाजी झाली की सोडाचा असतो. म्या म्हटलं, ऱ्हाऊ दे. दोर कुजला तं दुसरा बांधू."

साखर चढलेलीच निघाली. दोन केळी तरी नक्की होती. त्या दिवशी ओरडायच्या ऐवजी मी रिपोर्टची घडी करून त्यांच्या खिशात ठेवली.